ग्रंथ, देऊळ आणि मंडळी

ख्रिस्ती धर्माच्या सद्यःस्थितीविषयी पाश्चात्त्य देशांतून अलीकडे दोन प्रकारच्या बातम्या एकदमच येत आहेत. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील गॅलप या सर्वेक्षण संस्थेने जाहीर केले की, दर आठवड्याला किंवा जवळजवळ दर आठवड्याला उपासनेस जाणारे प्रौढ अमेरिकन वीस वर्षांपूर्वी ४२ टक्के होते, ते आता ३० टक्के उरले आहेत. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर तिथल्या पुस्तकविक्रीचा हिशेब ठेवणाऱ्यांनी सांगितले की, बायबलची विक्री आदल्या वर्षापेक्षा २२ टक्क्यांनी वाढली. ब्रिटनमध्येही २०१९ साली सुमारे २६.९ लाख पौंडांची बायबले विकली गेली होती, हा आकडा २०२४ साली ५०.२ लाख पौंडांवर गेला. देवळातले बाक रिकामे होत आहेत आणि ग्रंथाला मात्र नवे वाचक मिळत आहेत.

या विसंगतीचे तिकडच्या अभ्यासकांना मोठे नवल वाटते. श्रद्धा म्हणजे रविवारची हजेरी, हे समीकरण त्यांच्या अंगवळणी पडले आहे. त्यामुळे हजेरी घटली आणि वाचन वाढले की हिशेब लागत नाही. मला मात्र हे वाचताना नगर जिल्हा आठवत राहिला. २०२४ पासून या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. परंतु मी ज्या काळाविषयी लिहिणार आहे, त्या काळच्या कागदपत्रांत ते अहमदनगर आणि लोकांच्या बोलण्यात नुसते ‘नगर’ असे आहे. मीही तेच वापरतो. मराठी ख्रिस्ती जीवनाची ही जुनी पेठ. ग्रंथ आणि देऊळ यांचे नाते इथे कधीच सरळ नव्हते. इथली माणसे कधी ग्रंथाच्या वाटेने देवळात आली, कधी देवळातून बाहेर पडून ग्रंथाकडे गेली. आणि काहींनी तर ग्रंथ हाती नसतानाच तो कानांनी मिळवला. म्हणून आज जगभर विचारला जाणारा प्रश्न इथल्या इतिहासाच्या उजेडात पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे.

आधी तीन शब्द स्पष्ट करून घेऊ. चर्चच्या इमारतीला जुना मराठी ख्रिस्ती माणूस ‘देऊळ’ म्हणत आला आहे. बायबलसाठी ‘पवित्र शास्त्र’ हा शब्द रुळला. इंग्रजीत ‘चर्च’ हा एकच शब्द इमारतीला आणि तीत जमणाऱ्या समुदायाला वापरतात. मराठी नव्या करारात समुदायासाठी ‘मंडळी’ हा शब्द आला. इंग्रजीत जे एकात मिसळून गेले, ते मराठीत असे वेगळे राहिले. ‘चर्चला जाणे कमी झाले’ असे म्हणताना देऊळ ओस पडले की मंडळी मोडली, हे आपल्याला विचारता येते. या दोन गोष्टी एक नव्हेत.

पहिल्यांदा भूमी पाहू. नेवासे याच जिल्ह्यात आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेवरील मराठी टीका सांगितली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात, तो ‘पैस’ खांब आजही तिथे आहे. संस्कृत येणाऱ्यांपुरता असलेला ग्रंथ त्या दिवसापासून मराठीत ऐकता येऊ लागला. पुढे त्याची पारायणे झाली, सप्ताह बसले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीही ओव्या पाठ केल्या. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादला अठराव्या शतकात महिपती होऊन गेले. त्यांच्या ‘भक्तविजया’ने संतांच्या कथा घरोघर नेल्या. आणि ज्यांना देवळाच्या पायरीपुढे जाता येत नव्हते, त्या चोखोबांच्या जातभाईंना अभंग मात्र गाता येत होता. देवळाचा दरवाजा बंद आणि शब्दाचा दरवाजा उघडा, अशी ही व्यवस्था होती. ती अन्यायाची होती. परंतु तिच्यामुळे इथल्या माणसाला एक गोष्ट उमगली होती, की देवाचे शब्द देवळाबाहेरही राहतात.

या भूमीत अमेरिकन मराठी मिशन आले. त्याची मातृसंस्था बोस्टनची. मुंबईत १८१३ साली पाय रोवल्यावर १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणे उभारले आणि १८३३ मध्ये तिथे मंडळी स्थापन झाली. या लोकांचा धर्म वाचणाऱ्यांचा धर्म होता. शास्त्र स्वतः वाचता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह; त्यामुळे ते जिथे गेले तिथे शाळा गेली. सिंथिया फॅरार यांच्या नगरच्या मुलींच्या शाळेची जोतीराव फुल्यांवर पडलेली छाप मराठी वाचकांना ठाऊक आहे. १८४२ साली नगरहून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. महारवाड्यात आणि मांगवाड्यात पहिले पुस्तक शिरले ते बहुधा या शाळांच्या मार्गाने.

परंतु शाळा होईपर्यंत काय? नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याला सॅम्युअल फेअरबँक हे मिशनरी राहत. अशा खेड्यांत वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, ही नित्याची स्थिती होती. तेव्हा नगरच्या मिशनने इथलीच रीत उचलली. कीर्तन सुरू झाले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवींनी पदे रचली. टाळ, मृदंग, वीणा आले. पूर्वरंग, उत्तररंग आले. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा चांगल्या शोमरोन्याचे. गावच्या चावडीपुढे किंवा वडाच्या पारावर हे कीर्तन होई आणि ऐकायला सगळे गाव बसे. त्यातले बहुतेक कधीच ख्रिस्ती झाले नाहीत. ज्यांनी कधी देऊळ पाहिले नव्हते, त्यांच्या कानी शास्त्र गेले होते. नगर जिल्ह्यात ग्रंथाची हद्द देवळाच्या हद्दीपेक्षा सुरुवातीपासूनच मोठी होती.

पुढे याच मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांनी महिपतींचा ‘भक्तविजय’ आणि इतर संतचरित्रे इंग्रजीत नेली. ज्यांना शिकवायला आले त्यांच्याकडून शिकणे, हा या मिशनचा एक चांगला भाग. हा इतिहास इतका सरळ गोड मात्र नाही. १८७६ ते १८७८चा दुष्काळ आणि शतकाच्या शेवटचा १८९९-१९०० सालचा दुष्काळ, या दोन्ही वेळी लोक मिशनच्या आश्रयाला आले आणि मंडळ्या झपाट्याने वाढल्या. ‘हे भाकरीसाठी ख्रिस्ती झाले’ अशी कुचेष्टा तेव्हापासून त्यांच्या मागे लागली. या कुचेष्टेला उत्तर द्यायला जे एक नाव पुढे केले जाई, ते नारायण वामन टिळकांचे.

टिळकांची कथा आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर येते. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. तो कोण, हे टिळकांना पुढेही कळले नाही. कोणी उपदेशक नाही, देऊळ नाही, मंडळी नाही. एक चित्पावन कवी आणि एक पुस्तक. डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मग ते नगरला आले. निव्वळ वाचनातून श्रद्धेकडे गेलेल्या माणसाचे याहून ठळक उदाहरण मराठीत नाही.

आजच्या चर्चेत हे उदाहरण अर्ध्यावर सोडण्याचा मोह होईल. एकट्याने वाचले आणि श्रद्धा मिळाली, मग देवळाची गरज काय? परंतु टिळक वाचून थांबले नाहीत. घर, जात, नातेवाईक, काही वर्षांपुरते पत्नी आणि मूल, एवढे सगळे मागे टाकून ते मंडळी शोधत नगरला आले. इथल्या मंडळीत बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतून आलेले होते. टिळक त्यांच्या पंगतीला बसले, त्यांच्या मुलांना शिकवले, त्यांच्यासाठी भजने लिहिली. घरात बसून नव्या कराराचे चिंतन करणारा ब्राह्मण कवी ही समाजाला न खुपणारी गोष्ट होती. महारांबरोबर एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारा ब्राह्मण कवी ही खुपणारी गोष्ट झाली. ग्रंथाचा अर्थ त्या प्याल्यापाशी पुरा झाला.

लक्ष्मीबाईंचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला आठवेल, की त्यांच्या बाबतीत शास्त्र आधी आले नाही. माणसे आधी आली. नवऱ्याकडे परत आल्यावर त्या सोवळे सांभाळीत, वेगळी चूल मांडीत राहिल्या. मग नाना जातींच्या लेकरांचे, शेजाऱ्यांचे, आजाऱ्यांचे करता करता एक दिवस जातिभेदाची गाठच मनातून सुटली, आणि धर्माचा प्रश्न त्यानंतर आला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य पुढे त्यांनीच पुरे केले. एक जण ग्रंथाकडून मंडळीकडे आला, दुसरी मंडळीकडून ग्रंथाकडे गेली. दोघांपैकी कोणाचीही श्रद्धा एकाच टोकावर थांबली नाही.

मग १९१७ साल उजाडले. बावीस वर्षे मिशनच्या छायेत घालवल्यावर टिळकांनी मिशनचा पगार सोडला. इथली मंडळी परदेशी पैशांवर आणि परदेशी कारभारावर उभी आहे, तिचा बाप्तिस्मा म्हणजे एका समाजातून उठून दुसऱ्या समाजात जाऊन बसणे झाले आहे, हे त्यांना सलत होते. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणाऱ्या माणसाला तो पूल मागून पाडलेला नको होता. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला मानणारे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात बंधू म्हणून यावेत, अशी ती कल्पना होती. आजच्या भाषेत बोलायचे तर, देवळाची हजेरी सोडून श्रद्धा टिकवणाऱ्यांसाठी काढलेली ही मराठी वाट.

दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले आणि दरबार संस्था म्हणून फार काळ टिकला नाही. म्हणून तो फसला असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. टिळकांची भजने देवळाबाहेर राहिली नाहीत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे, आणि ज्या मिशनच्या चौकटीतून ते बाहेर पडले, त्याच मिशनच्या देवळांत रविवारी ती गायली जातात. बाहेर पडलेल्या माणसाने आत राहिलेल्यांना गाणे दिले. देऊळ सोडणारा प्रत्येक जण मंडळीला कमी करून जातो असे नाही, हे नगरच्या देवळांना दर रविवारी स्वतःच्याच तोंडून ऐकू येते.

याच काळात पंडिता रमाबाई दुसऱ्या अंगाने त्याच प्रश्नाला भिडत होत्या. त्यांचे केडगाव म्हणजे दौंड तालुक्यातले. नगरच्या वेशीवरचे केडगाव निराळे. प्रचलित मराठी बायबल त्यांच्या मुक्तिसदनातल्या बायकांना कळत नव्हते. त्यातली भाषा पंडिती होती. रमाबाई स्वतः संस्कृत पंडिता. तरी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या. छापलेला ग्रंथ १९२४ साली पुरा झाला. छपाईचे काम आश्रमातल्या बायकांनीच केले. देवळात वाचला जाणारा ग्रंथ आणि स्वयंपाकघरात कळणारा ग्रंथ यांतले अंतर त्यांनी ओळखले होते. आपल्या काळात वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले त्यामागेही हीच जाणीव होती. धर्मगुरू असलेला हा माणूस २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. शास्त्र हा मराठी वाचकाच्या सामाईक मालकीचा ग्रंथ आहे, असा त्यांच्या कामाचा एक अर्थ लावता येईल.

आता आजच्या नगरकडे येतो. जुन्या मिशनच्या गावांतली देवळे मी पाहिली आहेत, तिथल्या उपासनांना बसलो आहे. दगडी भिंती, उंच छत, घंटा. आणि पुढच्या चार बाकांवर म्हातारी माणसे. तरुण पुण्याला, चाकणला, मुंबईला गेले. शाळा आणि दवाखाना या ज्या दोन गोष्टींमुळे मिशनचे आवार गावाचा केंद्रबिंदू होते, त्या आता सरकारी किंवा खासगी रूपात सर्वत्र मिळतात. देवळाच्या जमिनींचे आणि पदांचे तंटे कोर्टात वर्षानुवर्षे चालतात, त्यांचा वीट येऊन काही जण घरी बसतात. काही जण नव्या, लहान, पत्र्याच्या शेडमध्ये जमणाऱ्या मंडळ्यांत गेले. हा सगळा तपशील जगातल्या कुठल्याही जुन्या मंडळीत थोड्याफार फरकाने सापडेल.

पण एक कारण इथले खास आहे आणि ते पाश्चात्त्य सर्वेक्षणांत कुठे सापडणार नाही. ते म्हणजे १९५०चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. १९५६ साली त्यात शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. नगरच्या मंडळ्यांतले बहुसंख्य लोक ज्या जातींतून आले, त्यांना या ओळीने एका पेचात टाकले. गावकीच्या लेखी ते महार किंवा मांगच राहिले. पाणवठ्यावर, लग्नात, भांडणात त्यांची जात कोणी विसरले नाही. कागदावर ख्रिस्ती लिहिले की मात्र जात सरकारदरबारी नाहीशी होते आणि तिच्याबरोबर मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, निवडणुकीतला राखीव वॉर्डही जातो. त्यामुळे अनेक कुटुंबांत दाखल्यावर एक आणि देव्हाऱ्याच्या जागी दुसरे, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती ०.९६ टक्के, म्हणजे सुमारे १० लाख ८० हजार आहेत. हा आकडा वाचताना हा पेच ध्यानात ठेवावा लागतो.

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका तरुणीचे अपील फेटाळले. तिने अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर नोकरीसाठी दाखला मागितला होता. लहानपणी तिचा बाप्तिस्मा झाला होता आणि ती नियमित चर्चला जाते, या गोष्टी न्यायालयाने पुराव्यादाखल धरल्या. केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवणे ही संविधानाची फसवणूक ठरेल, असे म्हटले. निकालाच्या कायदेशीर बाजूची चर्चा कायद्याचे जाणकार करतील. मला त्यातला एक साधा परिणाम दिसतो. या देशातल्या दलित ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत रविवारी देवळात जाणे ही केवळ उपासना राहत नाही. तो पुरावा होतो. ग्रंथ वाचल्याचा पुरावा राहत नाही. मोबाइलवर शुभवर्तमान ऐकणाऱ्याची नोंद हजेरीपटावर होत नाही. अशा ठिकाणी देऊळ रिकामे दिसले म्हणून श्रद्धा आटली असा निष्कर्ष काढणे फार उथळ होईल. इथे माणसे घरी बसून विश्वास ठेवतात याला त्यांच्या मनाइतकाच सरकारी छापील नमुनाही कारण आहे.

आणि ते घरी वाचतात, ऐकतात, हे मी पाहिले आहे. शास्त्राचे मराठी ध्वनिमुद्रण मोबाइलवर फुकट मिळते. डोळ्यांनी अधू झालेल्या आजीला नातवाने ते लावून दिलेले असते. ती स्तोत्रसंहिता ऐकत गहू निवडते. ज्याला वाचता येत नव्हते त्याला कीर्तनाने जे दिले, तेच आता हे यंत्र देते. कीर्तनांची चित्रमुद्रणे गावोगाव फिरतात. पुण्यातल्या कारखान्यात रात्रपाळी करणारा मुलगा रोजचे वचन घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकतो. संध्याकाळी एखाद्या घरी दहा-बारा जण जमून प्रार्थना करतात, तिथे शेजारची हिंदू बाईही आजारी लेकरासाठी येऊन बसते. तिला कोणी धर्म विचारत नाही. टिळकांना दरबारात जे हवे होते, त्याचा धाकटा अवतार अशा खोल्यांत नांदतो आहे.

हजेरीचे मापही तपासून घ्यायला हवे. दर रविवारी सकाळी येऊन बाकावर बसणे हा भक्तीचा मानदंड न्यू इंग्लंडातून आला. मराठी माणसाची हजेरी निराळ्या चालीची आहे. तो वर्षातून एकदा वारीला जातो, सप्ताहाला बसतो, यात्रेला लोटतो. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. तिथले देऊळ कॅथलिक पंथाचे. पण पवित्र मरियेच्या दर्शनाला दूरदूरच्या गावांहून लोक येतात, कोणी चालत येतात, नवस फेडतात, आणि त्यांत ख्रिस्तेतर लोकही पुष्कळ असतात. त्यांतल्या अनेकांची नावे कुठल्याही मंडळीच्या वहीत नसतील. रविवारच्या मापाने ते गैरहजर. वारीच्या मापाने ते बिनचूक हजर.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी देवळाच्या विरुद्ध ग्रंथाची बाजू घेतो आहे. तसे नाही. एकट्याच्या वाचनात एक उणीव आहे आणि नगरच्या इतिहासाने ती स्पष्ट दाखवली आहे. एकटा वाचणारा आपल्याला हवे ते वचन उचलतो. सांत्वनाचे वचन मोबाइलवर सकाळी येते. ज्याच्याशी बांधाचे भांडण आहे त्या भावाशी आधी समेट कर, मग वेदीवर अर्पण आण, हे वचन सहसा कोणी पुढे पाठवत नाही. मंडळीत बसले की तो भाऊ शेजारच्या बाकावर असतो. आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला, मयताला खांदा द्यायला, पोरीच्या लग्नात वाढायला माणसे लागतात. ती ध्वनिमुद्रणातून येत नाहीत.

याहूनही मोठी गोष्ट पंगतीची. दीडशे वर्षांपूर्वी या जिल्ह्यात दोन जातींची माणसे शेजारी बसून एका ताटातली भाकरी मोडत आणि एका प्याल्याला ओठ लावत, अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. नगरची मंडळी त्यांतली एक होती. ती जात पुरती मोडू शकली नाही हेही खरेच. सोयरीक जुळवताना जुनी जात विचारणे देवळाच्या आतही चालू राहिले. धर्मांतरित समाजात जात कशी टिकून राहते यावर बाबासाहेब आंबेडकरांनी परखडपणे लिहिले आहे, आणि ख्रिस्ती समाजाला ते आजही झोंबते, कारण ते अजून पुरते जुने झालेले नाही. मंडळीने वचन दिले आणि अर्धेच पाळले. परंतु अर्धे तरी पाळले ते मंडळीने. एकट्या वाचकाला ते वचन पाळण्याचा प्रसंगच येत नाही, कारण त्याच्या शेजारी कोणी बसलेलेच नसते.

म्हणून ग्रंथाचे वाचक वाढत असल्याच्या बातमीने मी आनंदतो, पण तेवढ्यावर निश्चिंत होत नाही. टिळक आगगाडीत वाचू लागले ही त्यांच्या कथेची सुरुवात होती. त्या वाचनाने त्यांना नगरच्या पंगतीत आणून बसवले, आणि ती पंगत अपुरी वाटली तेव्हा त्यांनी मोठी पंगत मांडायला घेतली. देऊळ सोडले तेव्हाही ते एकांतात गेले नाहीत. दरबार भरवायला गेले. इथल्या मातीतली ही रीत आहे. पैस खांबाशी सांगितलेला ग्रंथ पुढे दिंडीत चालू लागला, तोही एकट्याने नव्हे.

नगरच्या मंडळ्यांच्या वार्षिक सभांत हजेरीची चिंता व्यक्त होते आणि ती रास्त आहे. पण मोजायचेच असेल तर बाकांबरोबर आणखीही काही मोजावे. संध्याकाळी किती घरांत शास्त्र उघडले जाते आणि ऐकायला घराबाहेरचे किती जण येतात? पुण्यात गेलेल्या पोरांना तिथे कोणी शोधून काढले का? मागच्या वर्षी किती तंटे कोर्टाऐवजी मंडळीत मिटले? देवळात न दिसणाऱ्या कुटुंबाच्या दारात मयत झाले तेव्हा कोण गेले? दाखल्याच्या भीतीने दूर राहणाऱ्याला, त्याचे नाव वहीत न लिहिता, जेवायला बसवले का? आणि बसवले तर त्याच्या शेजारी कोण बसले?